गौरीपुढचा चिमटा

॥ श्री ॥
वासणा रोड, बडोदे
२२ ऑगस्ट २०२५

ती. सुनेत्रावन्सं यांस निरुपमाचा नमस्कार.

काल जर्मनीहून मोहनाचं खोकं आलं. आत लोकरीची टोपी एक (तुमच्या भावासाठी, तीही बडोद्यात, ऑगस्टात!), चॉकलेटची पाकिटं दोन, त्यातलं एक वितळून पुन्हा घट्ट झालेलं, पिना मारलेले छापील कागद, आणि नारळाएवढी एक प्लॅस्टिकची वस्तू, निळी आणि केशरी. पोस्टमनने ड्यूटीचे अकराशे चाळीस रुपये मागितले. हे म्हणाले, "ही टोपी मंगळबाजारात साठ रुपयांना मिळाली असती." मी पैसे दिले आणि वहीत ते मोहनाच्या खर्चात न लिहिता देवकार्याच्या खर्चात लिहिले. का, ते मागाहून कळवीन.

फोन तुम्ही उचलत नाही, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणून पत्र लिहिते. पत्र वाजत नाही, ज्याला हवं त्याने उघडावं. उघडलंच असेल तर मात्र शेवटपर्यंत वाचा.

मोहनाची पीएच.डी. पुरी झाली. ते छापील कागद म्हणजे तिचा लेख. मोठ्या मासिकात आलाय आणि सात नावांत पहिलं नाव आपल्या मोहनाचं आहे. मला त्यातलं तेवढंच वाचता आलं, म्हणून तेवढंच पुन्हा पुन्हा वाचलं. आता तिचा प्रबंध पुस्तकासारखा छापायचा आहे. त्याच्या पहिल्या पानावर, ज्याला तो अर्पण करायचा त्याचं नाव घालतात. तिला तिथे तुमच्या उन्मेषचं नाव घालायचं आहे, पण तुमच्या शब्दाशिवाय घालणार नाही. "आत्या हो म्हणाली तर. नाही म्हणाली तर पान कोरं सोडेन, दुसऱ्या कोणाचं घालणार नाही," असं म्हणाली. सप्टेंबर संपायच्या आत छापायला द्यायचं आहे.

आता तुम्ही म्हणाल, मोहनाला नावाचं काय पडलंय, तिने अकरा वर्षांपूर्वी काय केलं ते विसरली का? विसरलेली नाही. उन्मेषच्या तेराव्याची पंगत बसली होती. तुमच्या सासूबाई म्हणाल्या, आमच्या घराण्यात असलं रक्त नव्हतं. आणि ही अकरावीतली पोर वाढता वाढता ताठ उभी राहून म्हणाली की हा रक्ताचा आजार अर्धा आईकडून येतो आणि अर्धा वडिलांकडून, दोन्ही अर्धी जुळली तरच होतो. तिला तुमची बाजू घ्यायची होती. पंगतीने त्यातलं पहिलं अर्धं उचललं आणि दुसरं पानात टाकलं. पुढे देवासला तुम्हाला काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते आमच्या कानावर आलं. मी तिची बाजू घेत नाही. मठ्ठ्याचं भांडं हातात असताना शास्त्र सांगू नये.

पण वन्सं, ती बोलून थांबली नाही. त्याच एका गोष्टीच्या मागे ती अकरा वर्षं लागली आहे.

तिने मला फोनवर समजावलं ते लिहिते. मी मॅट्रिक, तेव्हा माझ्या भाषेत येईल. पोटातल्या बाळाचं रक्त वेगळं असतं आणि जन्मल्यानंतरचं वेगळं. दोन्ही बनवायच्या कृती प्रत्येकाच्या शरीरात जन्मभर असतात, पाककृतीच्या पुस्तकात शेजारी शेजारी पानं असावीत तशा. बाळ जन्मलं की पहिल्या पानाला एक चिमटा बसतो, पान बंद होतं आणि शरीर दुसऱ्या पानावरून रक्त बनवायला लागतं. उन्मेषचं दुसरं पान फाटकं होतं. पण पहिलं, वन्सं, पहिलं धडधाकट होतं! फक्त त्याला चिमटा लागलेला होता.

असा चिमटा असतो हे तिच्याआधीच मोठमोठ्या लोकांनी शोधलेलं होतं. तो एकटा नसतो, त्याच्या जोडीला आणखी चिमटे असतात. त्यातल्या एकाचा आकार कोणी पाहिलेला नव्हता. तो पानाला नेमका कुठे आणि कसा धरतो, ते हिने पाहिलं. डोळ्यांनी दिसत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकातूनही नाही. ते भयंकर थंडीत गोठवायचं, त्याचे लाखो धूसर फोटो काढायचे आणि मग संगणकाने ते एकावर एक ठेवून आकार उभा करायचा. मी म्हटलं, "म्हणजे मूर्तिकार करतो तसंच." तर म्हणाली, "मूर्तिकाराला माती तरी दिसते, आई."

ती निळी-केशरी वस्तू म्हणजे त्याच आकाराचा नमुना. यंत्राने छापलेला. निळं वेटोळं म्हणजे ते पान आणि केशरी तो चिमटा.

हे औषध नाही, हे तिने मला दहादा बजावलंय आणि मी तुम्हाला बजावते. परदेशात एक उपचार निघालाय, पण त्याची किंमत ऐकून हे म्हणाले, "त्यात आमच्या रिफायनरीची अख्खी कोयलीची कॉलनी येईल." मोहनाच्या आकारावरून कोणी पुढे साधी गोळी करू पाहील, तिला वर्षं लागतील, कदाचित होणारही नाही. पण कुलूप कसं आहे हे कळल्याशिवाय किल्ली कोण घडवणार?

खोकं उघडलं तेव्हा हे म्हणाले, "उन्मेष असता तर म्हणाला असता, मामा, हे चालवायचं कसं?" आम्ही बाजव्याला राहत होतो तेव्हा सुट्टीत तो आमच्याकडे यायचा. रक्त चढवायला निघाला की दारातून ओरडायचा, "मामी, पेट्रोल भरून येतो!" यांना म्हणायचा, "मामा, तुमच्या रिफायनरीत एवढं सगळं शुद्ध होतं, माझ्यासाठी एक बाटली रक्त नाही होत?" डॉक्टरांनी सांगितलं होतं, लोह कमी जावं म्हणून जेवताना चहा द्या. तो त्याच्या मुंजीच्या पेल्यात चहा घेऊन पानावर बसायचा आणि पोळीच्या घासागणिक घोट घ्यायचा. तो येणार असला की मी लोखंडी कढई माळ्यावर टाकायची. ती अजून माळ्यावरच आहे. अॅल्युमिनियमची तेव्हा घेतली ती काय वाईट आहे, असं म्हणून काढली नाही.

तुमचं उत्तर येईल या आशेवर आहे. यांचा नमस्कार. मनातून आहे, वरून म्हणतात, "मी काही सांगितलेलं नाही."

तुमची
निरुपमा

॥ श्री ॥
बडोदे
३ सप्टेंबर २०२५

ती. सुनेत्रावन्सं यांस सा. नमस्कार.

उत्तर आलं नाही. नाही म्हणून तरी आलं नाही, याचं मला बरंच वाटतंय.

काल गौरींचं विसर्जन झालं. यंदाची आरास तुम्ही बघायला हवी होती. माहेरच्या गौरी उभ्या असताना लेक देवासला बसते, हे मला दर वर्षी बोचतं, पण यंदा जास्त. यंदा झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आरास मी दर वर्षी घरच्याच वस्तूंची करते, विकत काही आणत नाही. लेकी-सुनांनी वर्षभरात केलेलं पुढे मांडायचं, ही सासूबाईंची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. तुमचं भरतकाम त्यांनी किती वर्षं मांडलं! तर मी ठरवलं, यंदा मोहनाचं काम मांडायचं. ड्यूटीचे पैसे देवकार्यात लिहिले ते म्हणूनच. पण वस्तू एक आणि गौरी दोन. थोरलीपुढे ठेवावी तर धाकटी रुसेल, मधोमध ठेवावी तर दोघींची नाही. वस्तू हातात फिरवून बघितली तर लक्षात आलं की केशरी आणि निळं आत लोहचुंबकाने चिकटलेलं आहे. जरा ओढलं की टक् करून सुटतं. मग काय! चिमटा थोरलीपुढे, वेटोळं धाकटीपुढे. वर दूर्वा, हळद-कुंकू आणि शेजारी लेखाचं पहिलं पान, तिच्या नावाखाली कुंकवाची रेघ.

संध्याकाळी बायका हळदीकुंकवाला आल्या. समोरच्या कोमलबेन म्हणाल्या, "मासी, आ शुं छे? बहु सरस! डेकोरेशननी नवी आयटम?" दांडिया बाजारच्या पद्माकाकूंनी चष्मा वर केला. "निरुपमा, ही इंग्रजी जिलबी आहे की काय?"

मी म्हटलं, "काकू, ही माझ्या मुलीची अकरा वर्षं आहेत."

आणि मग, वन्सं, मी उभी राहून सगळ्यांना सांगितलं. दोन पानं, फाटकं पान, चिमटा, गोठवणं, फोटो, सगळं. जन्मात मी चार माणसांत आरतीपलीकडे तोंड उघडलेलं नाही. मध्ये मध्ये गुजरातीत सांगत होते, कोमलबेनला कळावं म्हणून. चिमट्याला गुजरातीत चीपियोच म्हणतात ना, तर म्हटलं, "चीपियो लागी गयो, एटले पानुं बंद." कोमलबेन म्हणाल्या, "मासी, तमे तो टीचर थई गया!" पद्माकाकू म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे गं, पण लग्नाचं काय?" त्यांना मी दोन करंज्या जास्त वाढल्या, तोंड भरलेलं राहावं म्हणून.

बायका गेल्यावर मोहनाचा व्हिडिओ फोन आला. यांनी फोन गौरींसमोर धरला. आधी ती हसली, "आई, हे काय, प्रोटीनला कुंकू!" आणि मग एकदम म्हणाली, "बाबा, जवळ न्या. आई, हे दोन्ही वेगळे कोणी केले?"

मी घाबरले. वाटलं, काहीतरी मोडलं. म्हटलं, "मी केले. दोन गौरी आहेत, एकीला द्यायचं आणि एकीला नाही?"

मला वाटलं, नेट गेलं. यांनी फोन हलवून पाहिला. मग ती म्हणाली, "आई, तो चिमटा तिथे कसा बसतो हे बघण्यात माझी सगळी वर्षं गेली, म्हणजे पुढे कोणाला तरी तो काढता यावा. आणि तू नैवेद्य दाखवायच्या आधी काढून मोकळी झालीस."

मी म्हटलं, "मग परत लावू का?"

"नको," म्हणाली. "आता लावूच नकोस. उन्मेषला हेच हवं होतं."

तुम्हाला सांगते, त्या दोन गौरींपुढे ते दोन तुकडे वेगवेगळे पडलेले बघून माझं मन असं काही भरून आलं, की वाटलं, सोळा भाज्यांचा नैवेद्य आज खरा पोचला. मुद्दाम केलं असतं तर सुचलं नसतं. देवीने हात धरून करवलं, असंच मी म्हणणार. मोहना म्हणते योगायोग. म्हणू दे, तिची पदवी आहे.

आता एक गोष्ट, जी मागच्या पत्रात मी लिहिली नाही. यांनी लिहू दिली नव्हती. काल विसर्जनानंतर, गौरींचे मुखवटे पुसता पुसता, स्वतःच म्हणाले, "ताईला लिही."

मोहनाने तिकडे चैत्रात स्वतःचं रक्त तपासून घेतलं. तिच्यात त्या आजाराचं अर्धं आहे. तिला स्वतःला त्याचा काही त्रास नाही, तुम्हाला नाही तसाच. ते अर्धं कुठून आलं हे बघायला आम्ही दोघंही जाऊन सुया टोचून आलो. माझ्यात नाही. तुमच्या भावात आहे. म्हणजे बडोद्याच्या या घरातलंच आहे ते, तुमच्याही आधीचं, कोणा आजोबा-पणजीकडून आलेलं. देवाने तुम्हाला एक भाऊ दिला आणि ते अर्धं दोघांना सारखंच वाढलं, नैवेद्याच्या वाट्यासारखं. माझ्यात असतं, तर आमच्या घरीही तेच होऊ शकलं असतं जे तुमच्या घरी झालं. नशीब एवढंच की माझ्यात नव्हतं. यात माझं कर्तृत्व शून्य आणि तुमचा दोष शून्य.

रिपोर्ट आला त्या दिवशी हे जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताईने एकटीने ऐकून घेतलं." अकरा वर्षांत तुमच्याबद्दल बोललेलं पहिलं वाक्य.

म्हणून पुन्हा विचारते. नाव घालू द्याल का? आणि दुसरं, ते निळं वेटोळं मी तुमच्यासाठी वेगळं काढून ठेवलंय. केशरी चिमटा आमच्याकडे राहील. एका घरात दोन्ही ठेवले तर कोणीतरी पुसता पुसता चिकटवून टाकायचं.

निरुपमा

॥ श्री ॥
बडोदे
१६ सप्टेंबर २०२५

ती. वन्सं यांस सा. नमस्कार.

आज तुमचं पार्सल आलं. आत वर्तमानपत्राचे कागद, जुन्या साडीचा चौकोन आणि त्यात स्टीलचा पेला एक. पत्र नाही, चिठ्ठी नाही. टपालखर्च तुम्ही भरलेला.

पेला मी लगेच ओळखला. त्यावर नाव मीच घालून घेतलं होतं, भांड्यांच्या दुकानात बसून, मशीनवाल्याच्या मानेवर उभी राहून. "चि. उन्मेष यास मुंजीनिमित्त. मामा-मामी, बडोदे." घासून घासून "मामी" पुसट झालीय. नाव मात्र स्वच्छ आहे.

हे पेला हातात घेऊन खुर्चीत बसले. मग म्हणाले, "आहेर परत केला. म्हणजे ताईने संपवलं."

मी म्हटलं, "नाव मागितलं होतं, नाव पाठवलं त्यांनी."

"तसं असतं तर दोन ओळी लिहिल्या असत्या. तिचं अक्षर मोत्यासारखं होतं, आळस कसला आलाय? मुंजीचा आहेर परत करणं म्हणजे काय, हे तुला कळत नाही?"

"मला कळतं. तुम्हाला भांड्यांतलं कळत नाही. आत हात घाला."

त्यांनी घातला. तळाशी, कागदाच्या पुडीत, खडीसाखर.

वन्सं, तुमच्या आईच्या हाताखाली आपण दोघी वाढलो, तुम्ही लेक म्हणून, मी सून म्हणून. शेजारणीची वाटी परत करायची तरी त्यात चिमूटभर साखर घाला, रिकामं भांडं दारातून जाऊ देऊ नका, हे सासूबाईंनी आपल्या हातावर मारून शिकवलं. ज्याला नातं संपवायचं असतं तो भांडं रिकामं पाठवतो. हे मी यांना सांगितलं. त्यांनी एक खडा तोंडात टाकला आणि उठून आत गेले. बाहेर आले ते टोपी घालून. जर्मनीची, लोकरीची, भर सप्टेंबरात! म्हणाले, "काय गं, पाच मिनिटं घालून बघतो." मी पंखा वाढवला.

पंचमीला, अविवाहित गेलेल्यांची तिथी म्हणून, यांनी उन्मेषच्या नावाने पान ठेवलं. मी पानाशेजारी चहा ठेवला. गुरुजी म्हणाले, "हे शास्त्रात नाही." मी म्हटलं, "डॉक्टरांनी सांगितलेलं आहे." कावळ्याने वडा उचलला, चहाला खारीने तोंड लावलं. पेला तेव्हा आला असता तर त्यातच दिला असता.

मोहनाला मी पेल्याचा फोटो पाठवला आणि खडीसाखरेचं सगळं समजावून लिहिलं. मला वाटलं, वाचताच छापायला देईल. तर तिचा फोन आला. म्हणाली, "आई, हा तुझा अंदाज आहे. बाबांनी त्याच पेल्यावरून उलटा अंदाज केला. दोघांनी एकच वस्तू बघून दोन गोष्टी सांगितल्या, तर आमच्या शास्त्रात तो पुरावा धरत नाहीत. अकरा वर्षांपूर्वी मी न विचारता बोलले. या वेळेस आत्याचं अक्षर हवं."

मी चिडले. म्हटलं, "देवीवर नाही, आईवर तरी विश्वास ठेव." नंतर देवापुढे वात लावताना राग गेला. तिचंही खरं आहे. लाखो धूसर फोटो एकमेकांवर ठेवल्याशिवाय जी आकार मान्य करत नाही, ती माझ्या पुडीभर खडीसाखरेवर कशी मानेल? अशीच आहे म्हणून तिथवर पोचली. तुम्हाला सांगायला हरकत नाही, मला तिचा इतका अभिमान आहे की तो कुठे ठेवावा कळत नाही. गौरी गेल्या, आरास काढली, आता दाखवायचा कोणाला? तुम्हालाच.

एक अजून विचारायचं आहे तिला. गेलेल्या माणसाच्या नावामागे कैलासवासी लावतात, तसं लावायचं का? की पेल्यावर आहे तसंच घालू, "चि. उन्मेष"? ती म्हणते, पेल्यावरचं जसंच्या तसं छापता येईल, मराठी अक्षरांत, तिकडच्या लोकांना वाचता आलं नाही तरी चालेल. मला काय वाटतं ते मी सांगत नाही. ते आईनेच सांगायचं.

पेला मी ठेवून घेत नाही, वन्सं. तो तुमच्या घरचा आहे. निळं वेटोळं त्यात बरोबर बसतं, घालून बघितलं. दिवाळीच्या आधी आम्ही दोघं देवासला आणून देऊ, रिकामा नाही आणणार. यांनी तिकिटं बघायला घेतली आहेत आणि "मी काही सांगितलेलं नाही" हे वाक्य या वेळेस म्हटलेलं नाही.

सोबत तिकीट लावलेलं, आमचा पत्ता घातलेलं पाकीट ठेवलंय. आत कोरा कागद घातलाय, त्याचीही तोशीस नको. लांब लिहू नका. आधी हो की नाही, आणि त्याखाली नाव, जसं पानावर हवं तसं, तुमच्या अक्षरात. महिनाअखेरीच्या आत ते जर्मनीला पोचायचं आहे, तेव्हा उलट टपाली धाडा.

तुमची वहिनी
निरुपमा